परसातल्या तळ्यासाठी पंप आणि स्किमर निवडताना या चुका टाळा

घरामागे छोटे तळे करायचे ठरले की बहुतेक जण सर्वांत आधी पंप विकत घेतात, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. खरे तर पंप ही शेवटी घ्यायची वस्तू आहे. तळ्यात पाणी किती, ते किती उंच चढवायचे, कोणत्या नळीतून न्यायचे आणि स्किमरला (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या साधनाला) तासाला किती पाणी लागते, ही चार उत्तरे हाती आल्यावरच दुकानाची पायरी चढावी. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) पाहत वाढलेल्या गोवेकराला हा हिशेब अनावश्यक वाटू शकतो, कारण तिथे झरीचे पाणी उतारावरून पाटाने आपोआप वाहते. परसातल्या तळ्यात मात्र तेच पाणी रात्रंदिवस फिरवत राहावे लागते, आणि त्याची किंमत विजेच्या बिलात दिसते.

खोक्यावरचा आकडा

पाण्याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार केला आणि त्याला १,००० ने गुणले की लिटर मिळतात. गोव्यातल्या डिचोलीतले आमचे तळे ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि सरासरी ८० सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे त्यात सुमारे ८,००० लिटर पाणी मावते. मासे असलेल्या तळ्यातले सगळे पाणी एक ते दोन तासांत एकदा गाळणीतून फिरून यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. मासे थोडे आणि झाडे भरपूर असतील तर दोन तास चालतात. कोई (शोभेचे जपानी कार्प) मासे पाळायचे असतील तर एक तासाचाच हिशेब धरावा.

या हिशेबावर विसंबून मी तासाला ८,००० लिटरचा पंप आणला आणि निर्धास्त झालो. धबधब्याचे तोंड पाण्याच्या पातळीपासून १.२ मीटर उंचीवर होते आणि तिथवर सुमारे ६ मीटर लांबीची एक इंची नळी टाकली होती. धार मनासारखी पडेना, म्हणून तोंडाखाली २० लिटरची बादली धरून घड्याळ लावले, तर ती भरायला २० सेकंद लागले. याचा अर्थ तासाला जेमतेम ३,६०० लिटर पाणी वर येत होते. पंप नादुरुस्त नव्हता. खोक्यावर छापलेला आकडा पाणी अजिबात चढवायचे नसताना मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो, आणि त्याच्याच शेजारी छापलेली कमाल उंची ही प्रवाह शून्यावर येण्याची उंची असते. आपला व्यवहार या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो. त्यातच नळीतले घर्षण आणि नळीचा प्रत्येक कोपर (वळणाचा जोड) पंपावरची चढण वाढवत असतात. तीच नळी बदलून दीड इंची टाकल्यावर बादली १४ सेकंदांत भरू लागली, म्हणजे पंप तोच राहून प्रवाह तासाला ५,००० लिटरच्या पुढे गेला. म्हणून पंपाबरोबर मिळणारा उंची आणि प्रवाह यांचा आलेख दुकानदाराकडून मागून घ्यावा, आपल्या उंचीला समोर दिसणारा आकडाच खरा धरावा आणि नळीवर पैसे वाचवू नयेत.

विहिरीचा पंप तळ्याला लावू नये

हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो म्हणून अर्ध्या अश्वशक्तीचा विहिरीचा पंप तळ्याला जोडलेला अनेक ठिकाणी दिसतो. हा पंप थोडे पाणी खूप उंच, तेही दिवसातून थोडा वेळ चढवण्यासाठी केलेला असतो. तळ्याला नेमके उलटे हवे असते: भरपूर पाणी, थोडी उंची आणि चोवीस तासांची चाकरी. असा पंप साधारण अर्धा किलोवॉट वीज घेतो असे धरले तर दिवसाला १२ आणि महिन्याला ३६० युनिटे होतात. तळ्यासाठी बनवलेला ८० वॉटचा पंप महिन्याला ५८ युनिटांच्या आत राहतो. शिवाय ज्या पंपांच्या मोटारीत तेल भरलेले असते त्यांचे सील सुटले की ते तेल थेट माशांच्या पाण्यात उतरते.

बिल कमी यावे म्हणून रात्री पंप बंद ठेवणे ही त्याहून मोठी चूक आहे. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि सूर्य मावळल्यावर पाणवनस्पती प्राणवायू सोडायचे थांबवून तो उलट घेऊ लागतात. त्यामुळे मे महिन्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकताना दिसतात. गाळणीतले उपयुक्त जिवाणूही वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवरच जगतात, आणि प्रवाह बराच वेळ थांबला तर ते मरू लागतात. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा पंप इन्व्हर्टरवर घ्यायचा असल्यास तो शुद्ध साइन वेव्हचाच असावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर छोटे पंप घुमतात आणि तापतात.

स्किमर: जागा, पातळी आणि टोपली

स्किमर फक्त वरचा पातळ थर ओढून घेतो. पाने, पराग, माशांच्या खाद्याची तेलकट साय आणि पृष्ठभागाशी येऊन श्वास घेणाऱ्या डासांच्या अळ्या यांसाठी तो उपयोगी पडतो. तळाशी बसलेल्या गाळासाठी मात्र त्याचा काही उपयोग नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून तो घेतला तर निराशा होते.

गोव्यात जलतरण तलाव बांधणारे कारागीर सहज मिळतात आणि ते स्वाभाविकपणे त्यांच्या ओळखीचा स्किमर सुचवतात. त्याची टोपली लहान असते, आणि वर आंबा किंवा फणस असेल तर ती एका दुपारीत गच्च भरते. किनाऱ्याकडच्या सुरूच्या बारीक काड्या तर जाळीत सुयांसारख्या आडव्या अडकतात. तळ्यासाठीच्या स्किमरचे तोंड रुंद आणि टोपली खोल असावी, आणि ती कोपरापर्यंत हात न बुडवता वर काढता यावी. ही शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण जी टोपली काढायला त्रास होतो ती कोणी रोज काढत नाही.

प्रत्येक स्किमरला तासाला किमान आणि कमाल किती पाणी लागते, हे त्याच्या माहितीपत्रात दिलेले असते. पंप त्यापेक्षा कमजोर असेल तर पाने तोंडासमोर नुसती गोल फिरत राहतात. तो फार जोरकस असेल तर स्किमरच्या तोंडातल्या झडपेवरून येणारे पाणी पुरत नाही, आतले कुंड रिकामे होऊन पंप हवा ओढतो, आणि लहान मासेही खेचले जातात.

जागा ठरवताना वाऱ्याची दिशा पाहावी. आपल्याकडे पावसाळी वारा आणि दुपारचा समुद्रवारा दोन्ही मुख्यतः पश्चिमेकडून येतात, त्यामुळे कचरा आपोआप तळ्याच्या पूर्व काठाला जमा होतो. स्किमर तिथे आणि धबधबा त्याच्या समोरच्या काठाला असला तर वारा आणि प्रवाह दोघेही एकाच दिशेने काम करतात. घराची भिंत किंवा माड आड येत असतील तर दोन-तीन दिवस मूठभर सुकी पाने पाण्यावर टाकून ती कुठे जमतात ते पाहावे आणि मगच स्किमरसाठी काठाचा चिरा कापावा.

सर्वांत जास्त तक्रारी पातळीमुळे उद्भवतात. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तळ्याच्या उघड्या तोंडावर थेट पडणारे पाणीच तीन मीटर उंचीचे होते. पाणी स्किमरच्या तोंडापेक्षा वर चढले की झडप बुडते, वरचा थर ओढला जात नाही आणि यंत्र चालू असूनही कचरा तसाच तरंगत राहतो. याला उपाय म्हणजे तोंडाच्या मध्यावर पातळी राहील अशा उंचीवर जाळी लावलेली सांडव्याची (जादा पाणी बाहेर सोडणारी) नळी. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एक चिरा उंच ठेवला की तांबडी मातीही पाण्याबरोबर आत येत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट घडते: पातळी रोज अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास उतरते आणि पंधरा दिवस दुर्लक्ष झाले तर स्किमर गुरगुरू लागतो. पातळी इतकी खालीवर होत असेल तर तरंगता स्किमर बरा, मात्र कमळांच्या पानांत तो अडकून बसतो.

पंप कुठे बसवावा, याबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. तो तळाच्या सर्वांत खोल भागात ठेवला आणि वरची नळी निसटली तर सकाळपर्यंत तळे रिकामे होते. तोच स्किमरच्या कुंडात बसवला तर पाणी झडपेखाली जाताच उपसा थांबतो आणि मासे वाचतात. तिथे पाणी अचानक संपू शकते, म्हणून कोरडे चालल्यास आपोआप बंद होणारा पंप घ्यावा. जोडणीवर विजेच्या गळतीपासून वाचवणारे ३० मिलीअँपिअरचे स्विच आणि योग्य अर्थिंग हवेच, आणि पंप कधीही वायरला धरून उचलू नये.

धार मंदावली तर

क्रमाने पाहावे: आधी टोपली, मग पंपाच्या तोंडाची जाळी, मग पंख्यावर गुंडाळलेले शेवाळ, आणि शेवटी नळी. यातले पहिले दोन प्रकार दहा मिनिटांचे काम आहेत आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. पंप बदलण्याचा विचार या चारही गोष्टी तपासल्यानंतरच करावा.

पाणी उन्हाच्या मानाने फारच झपाट्याने कमी होत असेल तर काठाच्या चिऱ्यावर पेन्सिलची रेघ ओढून सकाळी चार-पाच तास पंप बंद ठेवावा. पातळी तरीही उतरत राहिली तर गळती तळ्यात आहे. पातळी उतरायची थांबली तर पाणी धबधब्याच्या वाटेवर कुठेतरी बाहेर जात आहे. आमच्याकडे पातळी रेघेवरच राहिली. वरच्या दगडाची जीभ आखूड होती, आणि तिच्या खालून मागे वळणारी बारीक धार रोज मागच्या जास्वंदीला पाणी घालत होती.