कोल्हापूरहून चाकणला कास्टिंग पाठवताना: भरणी, काटा आणि उतार

बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगमध्ये हौदा भरायच्या आधी वजन भरते, आणि घोळ तिथेच होतो. 18 टन बीड भरीव धरले तर जेमतेम अडीच घनमीटर. हौदा मोकळा दिसला की "अजून दोन पेट्या टाका" असा आग्रह होणारच. ऐकू नका. दहाचाकीला पुढच्या एक्सलवर 7 आणि मागच्या जोडएक्सलवर 21 टन, ही मर्यादा 2018 पासून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि जादाच्या दर टनाला 2,000. माल उतरवायचा खर्च निराळा.

एकूण काटा बरोबर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. फरक तो मागचा भार. सगळ्या पेट्या केबिनला टेकवल्या तर पुढचा एक्सल मर्यादेबाहेर जातो. मागच्या फाळक्याकडे ढकलल्या तर पुढची चाके हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी स्टिअरिंगला दाद देत नाही. मालाचा मध्य मागच्या दोन एक्सलांच्या मध्यापासून साधारण दीड फूट पुढे ठेवा, मग काट्यावर ताडून बघा.

तेलकट पत्र्यावर लोखंडी पेटी सरकते. खाली रबरी मॅट टाका, केबिनपर्यंतच्या मोकळ्या जागेत लाकडी ओंडके ठोका. दोरखंड कास्टिंगच्या धारेने कापतो. रॅचेटचा पट्टा वापरा, कोपऱ्यावर जुन्या टायरचा तुकडा द्या. माल हादऱ्यांनी बसतो, पट्टे सैल पडतात. किणी टोलनाका ओलांडला की थांबून परत आवळा.

ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेण्याचा ऑनलाइन कागद) दर 200 किलोमीटरला एक दिवस चालते, म्हणजे चाकणला दोन दिवस. वाटेत गाडी बदलली तर भाग 'ब'मध्ये नवा नंबर टाका. मुदतवाढ हवी तर बिलाची मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांतच मिळते.

पावसाळ्यात गोकुळ शिरगाव, कागलचा माल पंचगंगा ओलांडतो, शिरोलीचा नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी 39 ला पोचून वाढतच असेल तर भरलेली गाडी आधीच शिरोलीच्या बाजूला काढा. 2019 आणि 2021 ला हा महामार्ग बंद पडला होता.

कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे हा शुद्ध वेडेपणा. इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ते तापून ब्रेक धरतच नाहीत. बोगद्यातच खालचा गिअर घ्या, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावा. चाकांपाशी जळका वास आला तर जागा बघून थांबा, पण ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतू नका. तापलेला ड्रम तडकतो.