प्रार्थनेचा कोपरा वर्षभर छान कसा ठेवायचा (बडोद्यातल्या छोट्या फ्लॅटवाल्यांसाठी)

अख्खं घर एकदम सजवायला जाऊ नका, दमाल आणि पैसेही जातील. एकच कोपरा धरा, जिथे बायबल असतं आणि संध्याकाळी सगळे प्रार्थनेला बसतात तो. ऑनलाइन मिळतात ते इंग्लिश वचनांचे लाकडी बोर्ड मला तरी पटत नाहीत, प्रार्थना मराठीत आणि भिंतीवर इंग्लिश, कशाला? घरात ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याच्याकडून स्तोत्र १२७ ची पहिली ओळ जाड कागदावर लिहून घ्या आणि फ्रेम करा, झालं.

रंगांसाठी डोकं चालवायची गरजच नाही, चर्चचं कॅलेंडर आहे ना! आगमनकाळात (अॅडव्हेंट, नाताळआधीचे चार रविवार) आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपवासकाळ) जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला (ईस्टरनंतरचा पवित्र आत्म्याचा सण) लाल, बाकी साध्या दिवसांत हिरवा. जुन्या सुती साड्यांमधून चार रनर (टेबलावर घालायच्या लांब पट्ट्या) आरामात निघतात, फक्त सिंथेटिक कापड घेऊ नका कारण मेणबत्ती शेजारीच असते. मेण सांडलं तर ओलं असताना पुसत बसू नका, पसरतं. वाळलं की वरवरचं काढा, मग वरखाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण ओढून घेतो.

आता अॅडव्हेंटचं चक्र, यात खरी मजा. पाइनच्या फांद्या इथे शोधत फिरू नका, प्लास्टिकच्या तर नकोच. पितळी ताट घ्या, मधे चार वाट्या वाळूने भरा आणि त्यात मेणबत्त्या रोवा, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारची. कडेने आसोपालवाची पानं लावा, सोसायटीतच झाड असतं बहुतेक, पण पानं ज्योतीपासून लांब ठेवा आणि दर रविवारी बदला, वाळलेली पटकन पेटतात. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची, पेटवायचं काम लहानांना द्या पण शेजारी मोठं कुणीतरी हवंच. नाताळला मधे पाचवी, पांढरी.

गॅलरीतल्या कागदी चांदणीत एलईडी बल्बच लावा, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो. ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण झाला की चांदणी उतरवायचीच, आठवड्यात उत्तरायण येतं आणि गॅलरीत मांजा अडकला की चांदणीचा निकाल लागलाच समजा :)

फुलं खंडेराव मार्केटमधून सकाळी लवकर आणा. ईस्टरला महागड्या लिलीच्या मागे लागण्यापेक्षा निशिगंध घ्या, दांडे तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला, वास घरभर राहतो. लेंटमध्ये मात्र फुलदाणी सरळ कपाटात, काहीच नको, तो रिकामेपणाच तेव्हाची सजावट. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) मिळालेला झावळीचा क्रूस टाकून देऊ नका, फ्रेमच्या मागे खोचून ठेवा, पुढच्या वर्षी भस्म बुधवारच्या (लेंटचा पहिला दिवस) राखेसाठी बऱ्याच चर्चमध्ये हे जुने क्रूस परत मागतात.

आणि पाहुणे येणार म्हणून रविवारी सकाळी उपासना बुडवून घर पुसत बसणाऱ्यांनी लूकच्या १० व्या अध्यायाचा शेवट वाचावा, मार्था आणि मरीयेचा भाग, मार्था कामात गुंतलेली आणि मरीया येशूचं ऐकत बसलेली. झाडूपोछा शनिवारी रात्री उरका, वरणभाताचा कुकर चर्चहून आल्यावर लावला तरी चालतो.