काठाची माती नायट्रेट संपवते का? कान्ह आणि चोरलवर असं तपासा

नदी तपासायची म्हटलं की इंदुरात सगळे बाटली घेऊन निघतात. मी विद्यार्थ्यांना आधी ऑगर (जमिनीत भोक पाडून माती काढायचं गिरमिट) उचलायला लावते. हवा खेळत्या मातीत जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. माती पाण्याने तुडुंब असेल, प्राणवायू संपला असेल आणि कुजका पाला हाताशी असेल, तर दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात. म्हणून काठ किती ओला आहे, हे आधी बघायचं.

दोन जागा निवडा: शहरात कान्हचा मातीचा काठ (दगडी घाट नको) आणि महूपलीकडे जंगलातली चोरल. दोन्हीकडे पाण्यापासून सारख्याच अंतरावर वरची १० सेंटिमीटर आणि मीटरभर खालची माती घ्या. कान्हवर जाड हातमोजे हवेतच, सांडपाणी आहे ते.

खालचा गोळा हातात फोडून बघा. आपल्या काळ्या मातीत रंग सहज कळत नाही, पण मुळांच्या वाटेने गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर तिथे पाणी चढतं-उतरतं असं समजा. भोकात पाणी किती खोलीवर साचलं तेही लिहा. मला हा आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या शहरी ओढ्यांवर हेच दिसलं: पावसाच्या लोंढ्याने पात्र खोल कापलं, भूजल खाली गेलं, काठ सुकला आणि नायट्रेट संपवायच्या ऐवजी तयार करू लागला.

नमुने बर्फाच्या डब्यात आणा, शक्यतो २४ तासांत त्यातलं नायट्रेट आणि अमोनियम द्रावणात काढा. १० ग्रॅम ओली माती, ५० मिलिलिटर २ मोलर पोटॅशियम क्लोराइड (लिटरला १४९ ग्रॅम), तासभर हलवणं, मग गाळून त्या द्रावणात दोन्ही मोजणं. मातीशिवाय एक कोरा नमुना चालवाच. गाळणकागदातूनच अमोनियम उतरतं. थोडी माती १०५ अंशांवर वाळवून ओल काढा आणि आकडे कोरड्या वजनावर मांडा.

उरलेली माती २५ अंशांवर, ओल टिकवून, २८ दिवस बरणीत ठेवा आणि पुन्हा मोजा. नायट्रेट वाढलं तर माती ते बनवते आहे. पण बरणीत हवा असते, त्यामुळे काठावर ते किती संपतं, हे यावरून सांगू नका. त्यासाठी हवाबंद बाटली, ॲसिटिलीन वायू आणि गॅस क्रोमॅटोग्राफ (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतो.

पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात एकदा, असं दोनदा करा. कान्हचं पाणी क्षिप्रेला जातं, चोरलचं नर्मदेला. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवा.