शोधनिबंध मधूनच लिहायला घ्या

माझा पहिला शोधनिबंध मी गोषवाऱ्यापासून लिहायला बसलो. आठ दिवसांत दोन परिच्छेद झाले, आणि सगळं संपल्यावर पाहतो तर गोषवाऱ्यातलं निम्मं निबंधात कुठेच नव्हतं. निबंध ज्या क्रमाने वाचतात त्या क्रमाने लिहायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

आधी प्रश्न ठरवा. ‘मोबाइल आणि झोप’ हा नुसता विषय. ‘झोपण्याआधी तासभर मोबाइल दूर ठेवला तर विद्यार्थ्यांना झोप लवकर लागते का?’ हा प्रश्न. शेवटी प्रश्नचिन्ह देता येत नसेल, तर अजून वाचन करा. वाचतानाच प्रत्येक संदर्भ पानासकट नोंदवत चला. झोटेरो हे त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ‘नंतर शोधू’ म्हटलेला संदर्भ सादर करायच्या आदल्या रात्री हमखास सापडत नाही.

लिहायला सुरुवात तक्त्यांपासून. तक्ते आणि आकृत्या छापून टेबलावर मांडा, मागेपुढे सरकवा. ज्या क्रमाने उत्तर उलगडत जातं, तोच निरीक्षणांचा क्रम. मग संशोधनपद्धती: किती जण, किती रात्री, झोप कशी मोजली. ते वाचून परक्या माणसाला तोच प्रयोग करता आला पाहिजे.

निरीक्षणं आणि चर्चा यांची खिचडी मात्र करू नका. समजा, झोप सरासरी १२ मिनिटं आधी लागली, तर ते निरीक्षण. पडद्याचा उजेड कमी झाल्यामुळे तसं झालं असावं, हे चर्चेत. तो ‘असावं’ही जपून ठेवा.

प्रस्तावना त्यानंतर. इथे बहुतेक जण मानवजातीच्या इतिहासापासून सुरू करतात. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३चा निबंध जेमतेम पानभराहून थोडा मोठा आहे, आणि पहिल्याच वाक्यात ते मुद्द्यावर येतात. आपण काही डीएनएची रचना शोधलेली नसते, तरी पहिल्या पानावर आपला प्रश्न दिसायला हरकत नाही.

मसुदा झाला की दोन दिवस बाजूला ठेवा. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदाशेजारी त्याचा मुद्दा चार-पाच शब्दांत लिहा. दोन मुद्दे निघाले तर परिच्छेद तोडा, एकही निघाला नाही तर काढून टाका. (माझा सर्वांत आवडता परिच्छेद नेहमी यातच जातो.) आता फक्त समासातले शब्द वरून खाली वाचा. जिथे अडखळाल, तिथे रचना चुकली आहे. भाषा घासूनपुसून उपयोग नाही, परिच्छेद हलवा.

गोषवारा सर्वांत शेवटी, साधारण २०० शब्दांत: प्रश्न, पद्धत, काय आढळलं, त्याचा अर्थ. शीर्षक त्याच्याही नंतर. तोवर माझ्या फाइलचं नाव ‘झोप ७’ असलंच काहीतरी असतं.