‘येशूला झोप लागली’ : ख्रिस्ताच्या दोन स्वभावांचा वाद वाचन मंडळात कसा घ्यावा

ख्रिस्त देव की माणूस, आणि दोन्ही असेल तर कसा, या प्रश्नावर रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात चौथ्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत वाद चालला. विषय अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाने धरला जातो. परिषदांची नावे आणि सने फळ्यावर लिहून सुरुवात केली की लोकांचा रस पहिल्या तासातच आटतो. त्यापेक्षा एक साधे वाक्य घ्या आणि प्रत्येक पक्षाला त्याच वाक्यावर बोलायला लावा : ‘होडीत येशूला झोप लागली.’ बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळ सुटले आहे, होडीत पाणी भरते आहे, आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला आहे. शिष्य उठवतात, तो उठून वाऱ्याला दटावतो आणि समुद्र शांत होतो. मग झोपले कोण आणि दटावले कोणी? सगळा वाद या दोन क्रियापदांत सापडतो. ‘स्वभाव’ म्हणजे इथे मनोवृत्ती नव्हे, तर देवपण किंवा माणूसपण.

पुढची आखणी बडोद्यातल्या मराठी मंडळासाठी, दीड-दीड तासाच्या पाच बैठका धरून केली आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकवायला अल्बन विजरी यांच्यासारखे प्राध्यापक होते, म्हणजे हा विषय या गावाला परका नाही.

तयारी

आठ ते बारा माणसे पुरेत. त्याहून जास्त झाली की तक्ता दोघेतिघेच भरतात आणि बाकीचे श्रोते होतात. तारखा ठरवताना गणपती आणि नवरात्र सोडा. गरब्याच्या दिवसांत बडोद्यात संध्याकाळी कोणी हाती लागत नाही.

सामान थोडेच लागते : फुल साइजच्या दोन ड्रॉइंग शीट, दोन रंगांचे मार्कर, पूर्व भूमध्य समुद्राचा नकाशा आणि उताऱ्यांच्या झेरॉक्स. नकाशावर सहा गावे आधीच ठळक करून ठेवा : अलेक्झांड्रिया, अँटिऑक, कॉन्स्टँटिनोपल, निकिया, इफिसस आणि कॅल्सिडन. यांतले अलेक्झांड्रिया इजिप्तमध्ये आहे, बाकीची पाचही आजच्या तुर्कस्तानात. उतारे असे घ्या : मार्क ४:३५–४१ आणि १३:३२, लूक २:५२, योहान १:१४, ११:३३–४४ आणि १४:२८, फिलिप्पैकरांस २:५–११, मत्तय २६:३६–४६. फतेगंजकडून गुजराती बायबल वाचणारे कोणी येणार असतील तर त्यांना त्यांच्याच भाषेत वाचू द्या. अध्याय आणि ओवी क्रमांक तेच असल्याने अडत नाही.

शीटवर चार रकाने आखा. पहिला : झोपले कोण? दुसरा : कोणत्या स्वभावाने? तिसरा : या पक्षाला काय जपायचे होते? चौथा : ते जपताना हातून काय निसटले? तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही. हा नियम कडक पाळा. तो सुटला की हरलेले सगळे पक्ष मूर्ख वाटू लागतात आणि वाद एवढा लांबला का, याचे उत्तरच उरत नाही.

पहिली बैठक : एरियस

आधी दहा मिनिटांत देहाभासवाद उरका. येशूचे शरीर हा केवळ भास, तो झोपला नाही, झोपल्यासारखा दिसला, असे म्हणणारे दुसऱ्या शतकापासून होते. देवाला विटाळ लागू नये, ही त्यांची काळजी. निसटला तो माणूसच.

मग एरियस. हा अलेक्झांड्रियाचा पाद्री. देवाचा ‘शब्द’, म्हणजे लोगोस, जो देह धारण करून येशू झाला, तो सर्वांत श्रेष्ठ पण निर्माण केलेला, असे त्याचे म्हणणे. त्याच्या पक्षाच्या मांडणीत झोप थेट लोगोसलाच लागते, भूकही त्यालाच लागते. म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा असू शकत नाही. योहान १४:२८ (‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’) इथे वाचा, म्हणजे पक्ष किती भक्कम होता ते कळते. एक देव एकच राहावा, हे त्याला जपायचे होते. सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया येथे परिषद बोलावली आणि पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, एकाच सत्तेचा, असे ठरले. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने पुढे आयुष्यभर लावून धरलेला मुद्दा साधा आहे : जो स्वतः निर्मिलेला आहे तो निर्मितीला देवापर्यंत नेणार कसा?

याच बैठकीत कोणीतरी म्हणणार, ‘हा सरळ अवतारच झाला.’ अडवू नका, पण वेगळ्या कागदावर फरक मांडा. गीतेच्या चौथ्या अध्यायात अजन्मा ईश्वर आपल्या मायेने प्रकट होतो आणि धर्माला ग्लानी येईल तेव्हा पुन्हा येतो. इथे येणे एकदाच आहे. त्यात माणसाचे मन आहे, वाढत जाणारे ज्ञान आहे (लूक २:५२), खरा मृत्यू आहे, आणि घेतलेले माणूसपण पुढे कधीच टाकलेले नाही. हा कागद पाचही बैठका भिंतीवर राहू द्या. तीच गत द्वैत-अद्वैताची. ‘नेस्टोरियस द्वैती, युटिकीस अद्वैती’ (दोघे पुढच्या बैठकांत भेटतील) हे समीकरण ऐकायला छान वाटते, पण वेदान्तातला प्रश्न जीव, जगत् आणि ब्रह्म यांच्या संबंधाचा आहे. इथला प्रश्न एका विशिष्ट माणसाबद्दल आहे.

दुसरी बैठक : अपोलिनारिस

ही छोटी ठेवली तरी चालेल. लाओडिसियाचा अपोलिनारिस निकियाच्याच बाजूचा. येशूत मानवी बुद्धीच्या जागी लोगोस होता, असे त्याने मांडले : शरीर झोपले, आत माणसाचे मन नव्हतेच. एकाच माणसात दोन चालक नकोत, हा त्याचा हेतू. नाझियान्झसच्या ग्रेगरीने क्लेडोनियसला लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले : जे धारण केले नाही, ते बरे झाले नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण पुढच्या सगळ्या बैठकांत ते मोजपट्टी म्हणून लागते. माणसाचे पाप मनातून होत असेल आणि ते मनच घेतले नसेल, तर बरे काय झाले? ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत अपोलिनारिसचे मत नाकारले गेले.

उरलेल्या वेळात शब्दांचे अर्थ पक्के करा, नाहीतर तिसरी बैठक फसते. ऊसिया (सत्ता), फिसिस (स्वभाव), हायपोस्टॅसिस (स्वतंत्र अस्तित्व) आणि प्रोसोपॉन (व्यक्ती) हे चार ग्रीक शब्द जसेच्या तसे ठेवा. ३२५ मध्ये ऊसिया आणि हायपोस्टॅसिस एकाच अर्थाने वापरले गेले, ४५१ पर्यंत त्यांची फारकत झाली. ‘फिसिस’ हा अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याला बऱ्याचदा जिवंत, मूर्त असे एक अस्तित्व म्हणून अभिप्रेत असतो; अँटिऑकचे लोक त्याने गुणधर्मांचा संच दाखवतात. त्यामुळे ‘एक फिसिस’ म्हणणारा आणि ‘दोन फिसिस’ म्हणणारा दर वेळी एकमेकांविरुद्ध बोलत असतोच असे नाही.

तिसरी बैठक : नेस्टोरियस आणि सिरिल

४२८ मध्ये नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप झाला. मरियेला ‘थिओटोकोस’, देवाला जन्म देणारी, म्हणण्यावर त्याने आक्षेप घेतला. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला देव म्हणणार नाही, असे तो म्हणाल्याची नोंद आहे. त्याच्या रकान्यात लिहा : झोप मानवी स्वभावाची, वाऱ्याला दटावणे दैवी स्वभावाचे. जपायचे होते ते दोन्ही स्वभावांचे सच्चेपण. सिरिलला यात दोन वेगळे कर्ते दिसले. त्याचे उत्तर : झोपला तो लोगोसच, पण स्वतःचा करून घेतलेल्या देहात.

इथे घाई करू नका. दोघांना दोन खुर्च्यांवर बसवून वादी-प्रतिवादी करा, वीस-वीस मिनिटे द्या. सिरिलची बाजू घेणाऱ्याने ‘लोगोसची देहधारी झालेली एकच फिसिस’ हे सूत्र वापरावे. सिरिल ते अथानेशियसचे समजत होता, प्रत्यक्षात ते अपोलिनारिसच्या गोटातून आले होते. ही माहिती वाद संपल्यावरच सांगा.

इफिससची परिषद (४३१) शेवटच्या पंधरा मिनिटांत घ्या. सिरिलने अँटिऑकचा बिशप योहान याची वाट न पाहता २२ जूनला कामकाज सुरू केले आणि नेस्टोरियसला पदच्युत केले. चार दिवसांनी योहान पोहोचला आणि त्याने वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले. हे ऐकले की ‘म्हणजे सगळे राजकारणच’ असा निकाल लागतो. राजकारण होतेच, ते लपवू नका. पण निस्साच्या ग्रेगरीने कॉन्स्टँटिनोपलचे केलेले वर्णनही सांगा : पैसे सुटे मागा, तर समोरचा ‘जन्मलेला’ आणि ‘न जन्मलेला’ यावर बोलू लागतो, पावाचा भाव विचारा, तर पिता श्रेष्ठ असे उत्तर येते. दरबाराचा डाव असा रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी बसत नाही. सिरिल आणि योहान यांचा समझोता ४३३ मध्ये झाला, तोही नोंदवा.

चौथी बैठक : कॅल्सिडन

युटिकीस हा कॉन्स्टँटिनोपलचा वृद्ध मठाधिपती. एकीकरणापूर्वी दोन स्वभाव, नंतर एक, असे त्याने ४४८ मध्ये चौकशीत सांगितले, आणि ख्रिस्ताचे मानवपण आपल्यासारखेच आहे हे म्हणायला तो कचरला. ४४९ च्या दुसऱ्या इफिसस परिषदेने त्याला निर्दोष ठरवले. रोमचा पोप लिओ याने त्या सभेला दरोडा म्हटले. सम्राट दुसरा थिओडोसियस ४५० मध्ये घोड्यावरून पडून वारला आणि वारे फिरले. ऑक्टोबर ४५१ मध्ये कॅल्सिडनला परिषद भरली.

आधी योहान ११, म्हणजे मेलेल्या लाजरसाला उठवण्याचा प्रसंग, काढा आणि त्याच्या शेजारी लिओच्या पत्राचा आशय ठेवा : मित्रासाठी रडणे एका स्वभावाचे, त्याला हाक मारून उठवणे दुसऱ्याचे, प्रत्येक स्वभाव दुसऱ्याच्या संगतीने आपले काम करतो. मग विचारा, ‘यात कर्ते किती?’ इलिरिकम आणि पॅलेस्टाइनचे बिशप याच ठिकाणी बिथरले होते, आणि मंडळातही कोणीतरी बिथरले पाहिजे. परिषदेच्या व्याख्येचा गाभा एकच लांब वाक्य आहे. ते तुकडे पाडून वाचा. ‘तोच एक’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात, त्यांच्याखाली एका रंगाने रेघ मारा. ‘दोन स्वभावांत’ ओळखला जाणारा, आणि मग मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही, हे चार नकार दुसऱ्या रंगाने. पहिले दोन युटिकीसच्या बाजूला आडवे येतात, शेवटचे दोन नेस्टोरियसच्या. ‘दुधात साखर’ हा दाखला हमखास निघेल. साखर विरघळते, म्हणून तो पहिल्याच नकाराला आपटतो.

पाचवी बैठक : इच्छा, आणि आजच्या मंडळ्या

मत्तय २६:३९ मोठ्याने वाचा. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो : प्याला टळो, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको. सातव्या शतकात सम्राट हेराक्लियसने तडजोड म्हणून ‘दोन स्वभाव, एक इच्छा’ हे सूत्र पुढे केले (राजकीय दडपण त्यामागे नव्हते असे समजू नका, साम्राज्याला दुरावलेल्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांशी समेट हवा होता). मॅक्सिमस या मठवासी साधूने विरोध केला : माणसाची इच्छाच नसेल तर बागेत घाबरले कोण, आणि मान तुकवली कोणी? त्याने तापलेल्या तलवारीचा दाखला दिला, जी कापतेही आणि भाजतेही, पण लोखंड लोखंड राहते आणि आग आग. त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला, ६६२ मध्ये तो हद्दपारीत वारला, आणि ६८०–६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचीच बाजू मान्य केली.

कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन आणि केरळातल्या मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळींनी कॅल्सिडन मानले नाही, पण त्या युटिकीसलाही नाकारतात. त्यांना सरसकट ‘एकस्वभाववादी’ म्हणणे चूक आहे, आणि बडोद्यातल्या केरळी शेजाऱ्यांसमोर तर ते दुखावणारे आहे. त्रिशूरची कॅल्डियन सिरियन मंडळी ज्या पूर्वेकडील असीरियन चर्चची, त्याने आणि रोमने ११ नोव्हेंबर १९९४ रोजी ख्रिस्ताविषयी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. दोन्ही मंडळ्या तक्त्यावर आजच्या सनासह लिहा.

तीनच बैठका मिळत असतील तर पहिली आणि दुसरी एकत्र करा, तिसरी आणि चौथी पूर्ण घ्या. बागेतला उतारा मात्र वगळू नका. तो चौथ्या बैठकीच्या शेवटी वीस मिनिटांत बसतो.