परदेशी निघण्याआधी जुळवून घ्यायच्या तारखा

व्हिसा हातात पडला की बहुतेकांचं लक्ष सामानाच्या वजनाकडे वळतं. पण विमानतळावरून परत फिरावं लागलेल्या प्रवाशांकडे पुष्कळदा व्हिसा असतो. नडते ती एका कागदावरची तारीख, जी दुसऱ्या कागदाशी जुळत नाही, किंवा नावातलं एखादं अक्षर. म्हणून तयारीला व्हिसापासून सुरुवात करू नका, परतीच्या तारखेपासून करा. ती कोऱ्या कागदावर सगळ्यात वर लिहा आणि तिथून उलटं मोजत या.

पहिला नंबर पासपोर्टचा. त्याची मुदत प्रवासापुरती असून भागत नाही. बरेच देश पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक मागतात. शेंगेन देश, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणारे युरोपातले देश, तिथून निघण्याच्या दिवसानंतर तीन महिने मागतात, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा अशीही त्यांची अट आहे. वर्षभराहून कमी मुदत उरली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढावा आणि मगच व्हिसाच्या मागे लागावं, असं माझं सरळ मत आहे. कारण अमेरिकेचं एस्टा, ब्रिटनचं ईटीए, कॅनडाचं ईटीए या ऑनलाइन परवानग्या पासपोर्टच्या नंबरला चिकटलेल्या असतात. पासपोर्ट बदलला की त्या कामाच्या राहत नाहीत, पुन्हा अर्ज करावा लागतो. चिकटवलेल्या व्हिसाची गोष्ट वेगळी. अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात असला तरी चालतो, मात्र प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत.

मुदत पाहून झाली की पासपोर्ट उलगडून प्रत्येक पान बघा. शिक्के मारायला दोन पानं पूर्ण कोरी हवीत. भिजून फुगलेला, शिवण सुटलेला, फोटोच्या पानावरचं प्लास्टिक उचकटलेला पासपोर्ट चेक-इन काउंटरवरच अडू शकतो. माचू पिचूसारख्या ठिकाणी पर्यटकांसाठी हौसेचा शिक्का ठेवलेला असतो. तो डायरीत मारून घ्या, पासपोर्टात नको; सरकारी नसलेला शिक्का दिसला की पासपोर्टात छेडछाड झाली, असं म्हणायला कुणालाही जागा मिळते.

मग नाव. पासपोर्टवर खाली दोन ओळींत बाणांसारख्या खुणांनी भरलेला जो मजकूर असतो, तो मशीन वाचतं. तिकीट, व्हिसा, विमा या तिन्हींवर नाव त्याच स्पेलिंगने आणि आडनाव-नाव अशा त्याच वाटणीने हवं. लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि एकच नाव असलेला पासपोर्ट, या दोन प्रकारांत घोळ हमखास होतो. तिकीट काढण्याआधी एअरलाइनला विचारून घेतलेलं बरं. ई-व्हिसाचा अर्ज भरताना पासपोर्ट नंबरमधलं शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत करू नका. फॉर्म ती चूक मुकाट्याने स्वीकारतो, व्हिसाही येतो, पण तो तुमच्या पासपोर्टचा नसतो. जन्मतारीखही बघून टाका. काही फॉर्म महिना आधी आणि दिवस नंतर मागतात.

आता परवानगी कोणत्या प्रकारची लागते ते. दूतावासातून किंवा व्हिसा अर्ज केंद्रातून मिळणारा व्हिसा, ई-व्हिसा, पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा, आणि व्हिसा नको पण आधी ऑनलाइन मंजुरी हवी, असे चार ढोबळ प्रकार. ‘व्हिसा लागत नाही’ एवढं ऐकून तिकीट काढणारे बहुतेक करून चौथ्या प्रकारात अडकतात. उत्तर तुमच्या नागरिकत्वावर ठरतं, शिवाय तुम्ही कुठे राहता आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा चालू व्हिसा जवळ आहे, यावरही. म्हणून मित्राला व्हिसा लागला नव्हता, या माहितीचा उपयोग शून्य. त्या देशाच्या दूतावासाची किंवा इमिग्रेशन खात्याची साइट हाच पहिला आधार धरा. दुसरा आधार एअरलाइन. काउंटरवरचा कर्मचारी आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या टिमॅटिक नावाच्या प्रणालीत तुमचं नागरिकत्व आणि मार्ग टाकून नियम तपासतो. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर बऱ्याच देशांत एअरलाइनलाच दंड बसतो आणि त्याला परत आणण्याचा खर्चही गळ्यात पडतो, त्यामुळे तिथे गयावया करून काही होत नाही.

पोहोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसाबद्दल थोडक्यात सांगायचं तर तो रांगेतला व्हिसा आहे, हमी नव्हे. फी कोणत्या चलनात घेतात, कार्ड चालतं का, आणि तुम्ही ज्या विमानतळावर किंवा सीमेवर उतरणार तिथे तो मिळतो का, हे तिन्ही आधी बघा. तोच व्हिसा आधी ऑनलाइन मिळत असेल तर तो घ्यावा.

युरोपसाठी थोडा जास्त वेळ काढा, कारण शेंगेनचे नियम सोपे वाटतात तितके नाहीत. शेंगेन आणि युरोपियन युनियन एकच नव्हेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड युनियनमध्ये नाहीत पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये असून शेंगेनबाहेर. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. ब्रिटन तर दोन्हीकडे नाही. त्यामुळे पॅरिसहून दोन दिवस लंडन करून परत पॅरिसला यायचा बेत असेल, तर ब्रिटनची वेगळी परवानगी लागतेच, शिवाय शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाच्या व्हिसावर लंडनला गेलात की तो संपला. परतीचं विमान पॅरिसहून असलं तरी.

अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार. दिवस सारखेच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. हॉटेलचं बुकिंग एक सांगतं आणि अर्ज दुसरंच, हे अधिकाऱ्याला दिसतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण प्रकरण तपासणीत गेलं तर ४५ पर्यंत जाऊ शकतात. तेव्हा मोजताना ४५ धरा. मोठ्यांची फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात, १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि राहण्याचे सगळे दिवस झाकणारा लागतो.

व्हिसा आला की स्टिकर नीट वाचा, कारण त्यावर दोन वेगळे हिशेब असतात. समजा ‘फ्रॉम’पुढे ५ मे आहे, ‘अन्टिल’पुढे ३ जून, आणि ‘ड्युरेशन ऑफ स्टे’खाली १५. ५ मे ते ३ जून ही खिडकी आहे. त्या खिडकीत तुम्हाला राहायचंय फक्त १५ दिवस. ६ मेला उतरलात तर २० मे हा शेवटचा दिवस, कारण येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात. ३ जून वाचून निवांत राहणाऱ्याला सीमेवर दंड, नोंद आणि पुढच्या व्हिसाला खोडा, असं सगळं एकदम मिळतं. मध्यरात्रीनंतर उतरणारं विमान असेल तर तारीख बदलते, तेही लक्षात घ्या.

वारंवार जाणाऱ्यांसाठी १८० दिवसांत ९० हा नियम. तो वर्षाच्या दोन अर्ध्या भागांवर चालत नाही. ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात, त्या प्रत्येक दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. उदाहरण घेऊ. १० मार्च ते ८ एप्रिल असे ३० दिवस राहून आलात, नंतर १ ते ३० जून असे आणखी ३०. आता १ ऑगस्टला पुन्हा गेलात. जुलैपासून नवं अर्धवर्ष, नवे ९० दिवस, असं वाटेल. पण १ ऑगस्टपासून मागचे १८० दिवस फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात, म्हणजे ६० दिवस आधीच खर्च झालेत. उरले ३०, आणि ३० ऑगस्टला बाहेर पडायला हवं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी फोटो आणि ठशांची संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्का पुसट आहे, अधिकाऱ्याने मोजलं नाही, या पळवाटा त्यामुळे गेल्या.

अर्जासोबतच्या कागदांत बँक स्टेटमेंटवर सगळ्यांचा जीव अडकतो. रक्कम मोठी दिसावी म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी पैसे आणून खात्यात टाकणं हा उपाय नाही, तो संशयाला आवतण आहे. अधिकारी नियमित उत्पन्न, नियमित खर्च आणि त्यांना साजेसा प्रवास शोधत असतो. नोकरीचं पत्र, मंजूर रजा, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी, घरी वाट पाहणारी माणसं. हे सगळं तुम्ही परत येणार, एवढंच सांगण्यासाठी असतं. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४ (ब) हे कलम तर पर्यटक व्हिसाच्या अर्जदाराला स्थलांतरितच मानून चालतं, उलट सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. पूर्वी नकार आला असेल तर तो लपवू नका. नकार चालून जातो, खोटं उत्तर वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. फोटोची मापं देशागणिक वेगळी: शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच आणि चष्म्याशिवाय. रद्द करता येणार नाही असं तिकीट व्हिसा येण्याआधी काढू नका.

ट्रान्झिटचा, म्हणजे वाटेत विमान बदलण्याचा, विचार तिकीट काढतानाच करायला हवा, आणि नेमका तोच राहतो. अमेरिकेत विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं; म्हणजे दोन तासांसाठीही व्हिसा किंवा एस्टा हवं. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवलेत तर पहिल्या एअरलाइनने दिलेली बॅग बेल्टवरून उचलून पुन्हा चेक-इन करावी लागू शकते, आणि बेल्ट इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. हीथ्रोला उतरून गॅटविकहून उडणं, नारिताहून हानेदाला जाणं, हेही त्या देशात प्रवेश करणंच. फ्रँकफर्ट, मग पॅरिस आणि मग शेंगेनबाहेर अशा मार्गात फ्रँकफर्टलाच शेंगेनमध्ये शिरावं लागतं, कारण मधला टप्पा त्यांच्या लेखी देशांतर्गत आहे.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून जाणार असाल तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला. लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून तो लागू होतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, जुने दाखलेसुद्धा. पीतज्वराच्या देशातल्या विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबलात तरी पुढचा देश तो मागू शकतो. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा आणि घटक तपासा. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसाठी संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामाइन असलेलं औषध चिठ्ठी असूनही नेता येत नाही. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंडला जाताना घरीच.

मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर न येणाऱ्या पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा. आडनावं वेगळी असतील तर हे विचारलं जाण्याची शक्यता जास्त.

शेवटचे तीन दिवस आगमनपत्राचे, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायच्या फॉर्मचे. सिंगापूर, मलेशिया, थायलंड हे देश पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायला सांगतात. थायलंडचं १ मे २०२५ पासून सुरू झालं. तिन्ही फुकट आहेत. सर्च केल्यावर वर दिसणारी, सरकारीच वाटणारी आणि शेवटी कार्डचा नंबर मागणारी साइट खासगी असते, तेव्हा पत्त्यातली अक्षरं वाचूनच पुढे जा. व्हिसा, विमा, परतीचं तिकीट, पहिल्या हॉटेलचा पत्ता यांचे प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. रोख १०,००० डॉलर किंवा युरोच्या घरात असेल तर जाहीर करण्याचा नियम बघा.

इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारलं तेवढंच सांगा: किती दिवस, कुठे, कशासाठी. व्हिसा असला तरी आत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे तिथला अधिकारी ठरवतो. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या व्हिसावरही राहायची मुदत प्रत्येक प्रवेशाला वेगळी मिळते आणि ती आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. त्यामुळे जिथे शिक्का मारतात तिथे तो खिडकीसमोरून हलण्याआधी वाचा. तारीख चुकली असेल तर ती तिथेच, त्याच माणसाकडून दुरुस्त होते. हॉटेलवर जाऊन लक्षात आलं की मग इमिग्रेशनच्या कार्यालयात खेटे घालणं आलं.