हापूसला पॅक्लोब्युट्राझोल देताना

पॅक्लोब्युट्राझोल हे खत नव्हे, वाढ आवरणारं औषध आहे. झाडातलं जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक) तयार होणं ते रोखतं. त्यामुळे पालवीचा जोर ओसरतो, पेरं आखूड राहतात आणि मोहोर लवकर येतो. कोकणात १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान, पावसाची उघडीप बघून द्यावं. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर मोजून सरासरी काढा. २५ टक्क्यांचं औषध असेल तर दर मीटरला ३ मिली, पाण्यात मिसळून. आधी तण काढा, मग बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार २५-३० भोकं पाडून त्यांत ओता. अशक्त किंवा दहा वर्षांखालच्या कलमाला देऊच नका. अंदाजाने ‘थोडं जास्त’ तर मुळीच नको: औषध मातीत बराच काळ टिकतं, पालवी खुरटते. खतांचा हात मात्र आखडू नका.